भोंग्याआधीचा अर्धा तास

माझ्या थोरल्या साडभाऊंइतका रागीट माणूस पैनगंगेच्या अल्याडपल्याड झाला नसेल, आणि त्यांच्या रागाचं कारण ऐकलं तर तुम्हाला हसू येईल. लोक उशीर झाला म्हणून रागावतात. हे गृहस्थ कुणी लवकर आलं म्हणून रागवायचे. उशिरा येणाऱ्याला ते माफ करत. त्याचा बैल बसला असेल, पोराला ताप असेल, नाल्याला पाणी असेल, अशी कारणं ते स्वतःच त्याला पुरवत. पण वेळेआधी येणारा माणूस त्यांच्या मते एकतर चहाडखोर, नाहीतर भेकड, आणि पुष्कळदा दोन्ही. हे मत त्यांनी माझ्या तोंडावर किती वेळा सांगितलं याची गणती नाही, कारण मी वेळेआधी येणारा माणूस होतो.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तेव्हाची गोष्ट. आम्ही दोघं सख्ख्या बहिणींचे नवरे. त्यांची बायको थोरली. तिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. चिखलीत चार बुकं शिकलेल्या माणसाला कचेरी नाहीतर जीन, म्हणजे कापसातून सरकी काढण्याचा कारखाना, याखेरीज तिसरं दार नव्हतं. साडभाऊ एका जिनात हजेरी बाबू होते. माझं लग्न झालं तेव्हा मी रिकामा होतो. त्यांनी शब्द टाकला आणि त्याच जिनात मला वजनकाट्यावर कारकून म्हणून चिकटवलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला एवढंच बजावलं की, भोंगा सातला होतो, सातला या. मी साडेसहाला गेलो. तेव्हापासून आमचं बिनसलं.

त्यांना जेवायला बोलावणं ही माझ्या बायकोला शिक्षाच वाटे. बाराला या म्हटलं तर ते पावणेबाराला पोचत आणि आमच्या अंगणासमोरच्या रस्त्यावर, वैशाखाच्या उन्हात, डोक्यावर रुमाल टाकून उभे राहत. ती दारातून म्हणे, "भाऊजी, उनात काऊन उभे राह्यले? घरात या ना." ते जागचे हलत नसत. "बारा वाजू द्या. आतापासून येऊन काय तुमच्या चुलीवर बसू?" शेजारपाजारचे लोक बघत, आम्हीच पाहुण्याला उन्हात उभं केलं आहे असं त्यांना वाटे. मी खिडकीतून चरफडत त्यांच्याकडे बघायचो आणि ते माझ्याकडे. बारा वाजले की आत येऊन पहिला प्रश्न, "भाकरी झाल्या ना निवांत?" असा प्रेमाने करत की बायको सगळं विसरून त्यांना तूप वाढी.

एकदा देऊळगाव राजाला बालाजीच्या दर्शनाला निघालो होतो. मोटार आठला सुटणार, असं मोटारवाल्याने सांगितलेलं. तो लोकांना सातपासून आत कोंबून ठेवी आणि शेवटची जागा भरेपर्यंत हलत नसे. आम्ही सगळे घामाघूम होऊन आत बसलो, हे बाहेर. बरोबर आठला चढले आणि म्हणाले, चाल. तो म्हणाला, अजून चार माणसं येऊ द्या. हे उतरले आणि पायी चालू लागले. अक्का आत बसून कपाळाला हात लावत होती. तासाभराने मोटारीने त्यांना रस्त्यात गाठलं, मोटारवाल्याने हात जोडले, पण हे धुळीतून ताठ चालतच राहिले. शेवटी मोटारच त्यांच्या पायाच्या गतीने मागे मागे येऊ लागली, तेव्हा कुठे चढले. त्या सगळ्या वेळात मला त्यांचा इतका राग आला होता की देवासमोर उभा राहिलो तरी मनात त्यांच्याशीच भांडण चाललं होतं.

पण जिनातली गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. आमच्या मॅनेजरने एका हंगामात टूम काढली. यंत्रावर कापूस घालणाऱ्या तीस-पस्तीस बाया होत्या. त्यांनी भोंग्याआधी अर्धा तास यावं, यंत्राच्या रुळांत अडकलेली आदल्या दिवसाची रुई बोटांनी काढावी, झाडलोट करावी, कापसाच्या पाट्या भरून ठेवाव्या, म्हणजे भोंगा होताच यंत्रं धावायला लागतील. मजुरी मात्र सातपासून. हे काम नव्हे, ही कामाची तयारी, असं तो म्हणे. जीन आपलं घर समजा, असंही म्हणे. साडभाऊ त्याला म्हणाले, "घरच समजतो साहेब. पन घरी लौकर गेलं तं बायको चा ठेवते. इथं कोन ठेवीन?" मॅनेजरला ते लागलं. त्याने काट्याकडे बोट दाखवलं. तिथे मी सकाळी सव्वासहापासून वजनं पुसत बसलेला होतो. तुमचा साडभाऊ बघा, न सांगता येतो, असं तो म्हणाल्याचं मला मागून कळलं, आणि खोटं कशाला बोलू, मला तेव्हा छाती फुगल्यासारखं झालं.

त्या संध्याकाळी साडभाऊ आमच्या घरी आले. बसले नाहीत. त्यांचा बाप साहेबलोकांच्या दौऱ्यात वेठीने ओझी वाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ते म्हणाले, "माहा बाप फुकट ओझं वाहे, त्याले लोकं वेठ म्हनत. निदान नाव तं होतं. याले नावबी नाई. तुमी अर्धा घंटा अगुदर येता, तुमाले वाटते तुमचं काय जाते. तुमच्याकडं बोट दाखवून त्या बायाईले बलावतात, हे जाते." मी उलट बोललो. माझ्या लवकर येण्याने कुणाचं वाईट झालं ते दाखवा, म्हणालो. तुमच्यासारखं फाटकाबाहेर नाटक करण्यापेक्षा ते बरं, असंही म्हणालो.

नाटक म्हणायचं कारण असं की त्यांनी आपला निषेध आपल्या पद्धतीने सुरू केला होता. साडेसहाला मुकादम बायांना आत घेई. साडभाऊ फाटकासमोरच्या लिंबाखाली हजेरीचं पुस्तक काखोटीला मारून उभे राहत आणि भोंगा होईपर्यंत आत पाऊल टाकत नसत. भोंग्याआधी कुणाची हजेरी घेणार नाही, म्हणजे नाही. मॅनेजर हसे. त्याला काय, बाया आत येतच होत्या.

पौषातली सकाळ होती. धुकं होतं, बोटं थंडीने वळत नव्हती. अनुसयाबाई नावाची एक बाई, नवरा वारलेला, सासूला सांभाळून कामाला येणारी, रुळांतली रुई ओढून काढत होती. तिकडे इंजिनघरात मॅनेजरने इंजिन तापलं का ते बघायला मिस्त्रीला सांगितलं, आणि त्याने पट्टा फिरवला, तसे रूळ फिरले. भोंगा व्हायला अजून वीस मिनिटं होती. तिची किंकाळी मी ऐकली. मी तिच्यापासून वीस पावलांवर होतो. धावत गेलो, धोतराचा सोगा फाडून तिच्या हाताला बांधला. दोन बोटं गेली होती. साडभाऊ लिंबाखालून धावत आले, ती भोंग्याआधी फाटकात शिरण्याची त्यांची पहिली वेळ.

तिला दवाखान्यात पोचवून ते मॅनेजरकडे गेले, मागोमाग मी. कायद्याप्रमाणे तिला भरपाई द्यावी लागेल, असं म्हणाले. मॅनेजरने हजेरीचं पुस्तक मागितलं, उघडलं आणि त्यांच्याचसमोर धरलं. अनुसयाबाईच्या नावापुढे त्या दिवसाचं घर कोरं होतं. ही बाई आज कामावर नव्हतीच, तो शांतपणे म्हणाला. कामावर नसताना ती आत का शिरली ते तिलाच विचारा. साडभाऊंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. आयुष्यभर दुसऱ्यांवर रागावणारा माणूस स्वतःवर रागावला की कसा दिसतो, ते मला त्या दिवशी कळलं. ते घरी गेले आणि बुलढाण्याला जिल्ह्याच्या साहेबांना अर्ज लिहिला.

महिनाभराने नागपूरहून कारखाने तपासणारे साहेब आले. टेबल मांडलं. एकेकाला बोलावलं. मॅनेजर बाजूला उभा होता. साहेबांनी मला विचारलं, बायांना भोंग्याआधी बोलावतात का? मी म्हणालो, माझं काम काट्यावर, माझं तिकडे लक्ष नसतं. तिच्या रक्ताने भरलेलं ते धोतर बायकोने तीनदा धुतलं होतं, तरी डाग गेला नव्हता. आणि मी म्हणालो, लक्ष नसतं.

मग साडभाऊंना बोलावलं. त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. "साहेब, या बाईची हजेरी मी घेतली नाई. भोंग्याअगुदर घेनार नाई, हा माहा हट्ट होता. मले वाटे मी मोठा शहाना. पन बाई रोज साडेसहाले आत जात होती, मुकादम बलावून नेत होता, आन मी भाईर उभा राहून पाहत होतो. पुस्तकात तिची हजेरी नाई, हा गुन्हा माहा हाये, तिचा नाई." मॅनेजर म्हणाला, हा जुन्या रागापायी बोलतो आहे. मग मागे उभ्या असलेल्या बायांतली एक म्हातारी पदर सावरत पुढे आली आणि खरं हाये, म्हणाली. तिच्या मागून दुसरी आली. शेवटी सगळ्याच आल्या.

अनुसयाबाईला कायद्याने मिळायचं ते मिळालं. बोटं मिळाली नाहीत. भोंग्याआधी बायांना आत घेणं बंद झालं. हंगाम संपला. पुढच्या कार्तिकात जीन सुरू झालं तेव्हा जुन्या माणसांना निरोप गेले. साडभाऊंना गेला नाही. मला आला. काट्यावर नव्हे, हजेरीवर या, असा आला. त्यांची जागा होती ती. मी घेतली.

ते देऊळगाव राजाला गेले, एका कापडवाल्याच्या दुकानात पत्रं लिहायला लागले. बहिणी-बहिणींचं जाणं-येणं चालू राहिलं. मीही सणावाराला जाई. त्यांनी एका शब्दाने मला कधी काही विचारलं नाही. ज्या माणसाने मोटारीशी भांडण केलं, तो माझ्याशी भांडेना, हे मला सहन होत नसे. मनातल्या मनात मी त्यांना हेकट म्हणायचो, बायकोला दारोदार नेणारा म्हणायचो, आणि घरी येऊन विनाकारण ताट आपटायचो.

काही वर्षांनी ते दम्याने अंथरुणाला खिळले, तेव्हा भेटायला गेलो. दुपारची वेळ होती. अक्का आत तूर पाखडत होती. मी त्यांच्या उशाशी बसलो आणि एकदाचं बोललो. म्हणालो, "दादा, त्या दिवशी मी खोटं बोललो." त्यांनी श्वास गोळा केला. मग म्हणाले, "मले ठाव होतं तुमी नाई बोलनार. आन म्या म्हनलं, बरं झालं. दोघं बोललो असतो तं दोनी भयनी एकाच साली उघड्यावर पडल्या असत्या."

माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. आला तो राग. माझ्या भेकडपणाचासुद्धा हिशेब या माणसाने तिथे टेबलापाशी उभ्या उभ्या करून टाकला होता, आणि माझ्यासाठी त्यात एक बरी जागा शोधून ठेवली होती. मी म्हणालो, "दादा, त्यापेक्षा तुम्ही मला चार शिव्या घालायच्या होत्या."

ते हसले. "आता घालू?"

"घाला."

त्यांनी कोपरावर रेटून उठायचा प्रयत्न केला, तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. अक्का पाण्याचा गडवा घेऊन आली, त्यांची पाठ चोळत बसली, आणि मला डोळ्यांनीच म्हणाली की आता पुरे. मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. आतला खोकला हळूहळू शांत झाला. त्यांना झोप लागली होती. संध्याकाळच्या मोटारीने मी परत आलो. आखाडात ते गेले. त्या शिव्या राहूनच गेल्या.