दोन पगार

आमच्याकडं निराधार योजनेच्या पैशालाही लोक पगारच म्हणतात. माझी लेक एका पायानं अपंग आहे, तिला तो मिळतो. भोकरदनला शिवणकामाच्या दुकानात ती अर्धा दिवस मशीनवर बसायची. मालक म्हणाला, पूर्ण दिवस ये. कमाई वाढली तर निराधारचा पगार बंद होईल का, हे विचारायला आम्ही तहसीलला गेल्तो. असली कामं माझी बायको करायची. ती पोळ्याच्या सणानंतर वारली.

बाबूनं विचारलं, "काका, पोरीला पगार आहे का?"

"आहे की. बराबर खात्यात येतो."

त्यानं पेन खाली ठेवला. "नोकरी आहे, मंग निराधार कशी?"

लेक म्हणाली, "साहेब, अण्णा तुमच्याच निराधारच्या पगाराचं सांगून राह्यले." मंग तिनं कामाच्या तासांचं सगळं खरं सांगितलं.

बाबू म्हणाला, "कमाई मर्यादेच्या वर गेली तर बंद होईल. काम सुटलं तर परत नवा अर्ज."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "अर्धाच दिवस जा. दुकानाचा काय भरोसा?"

"दरवर्षी मी निराधार आहे म्हणून लिहून द्यायचा कंटाळा आला, अण्णा."

"अन् काम सुटलं तर?"

"तर परत येऊ. फक्त तुम्ही तिथं तोंड उघडू नका."

तिची आई पण मला हेच म्हणायची.

सोमवारपासून ती पूर्ण दिवस जाऊन राह्यली. निराधारचा पगार कधी बंद होतो, माहीत न्हाई. दुपारी मी एकटाच जेवतो.