युसूफ सरळ चालला तो दिवस

"तुमचा तो बेवडा गेला म्हणे," गेटवरचा वॉचमन मला म्हणाला. वाटायला आणलेली युनियनची पत्रकं हातातच राहिली... युसूफ गेला, आणि जातानाही ही शिवी त्याला चिकटलेलीच होती. ज्याने उभ्या जन्मात थेंब तोंडाला लावला नाही, त्याला! म्हणून हे लिहितोय.

युसूफ आमच्या कंपनीत स्टोअरला होता. त्याला फिट यायच्या. त्या वाढल्या, डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, फिट थांबल्या. पण पाय लटपटू लागले, जीभ जड झाली. वॉचमन रोज तोंडाचा वास घ्यायचा. वास नाही म्हटल्यावर विचारायचा, "बिनवासाची मिळते का रे मियाँ? आम्हालाही सांग की!" लोक हसायचे. सुरुवातीला युसूफही हसायचा... मी त्याला पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हे औषध चढलंय. एकाला जी मात्रा पुरत नाही, तीच दुसऱ्याच्या रक्तात साचते. कमी केली तर फिट, जास्त झाली तर झोकांड्या. रक्तात औषध किती आहे ते मोजायलाच हवं, आणि ते मुंबईला मोजतात. तोवर गोळ्या एकदम बंद करू नका, जीवावर बेतेल.

आम्ही कंपनीकडे मागितलं काय? सुट्टी आणि दवाखान्याची चिठ्ठी. साहेब म्हणाले, "दारुड्याच्या रक्तात काय बघायचं?" आणि उलट चौकशी लावली. मशीनमधल्या तेलाची पातळी रोज बघतात हो हे! माणसाच्या रक्तासाठी काय नवस बोलायचा?

चौकशीला युसूफ टेबलापर्यंत ताठ, सरळ चालत गेला. "बघा साहेब." साहेब शेजारच्याला म्हणाले, "बघितलंत? सोडली की कसा नीट चालतो!" बाहेर आल्यावर मला कळलं, त्याने गोळ्याच बंद केल्या होत्या. "काय करू राव? पोरांना शाळेत बेवड्याची पोरं म्हणतात." मी ओरडलो. "घरी गेल्या गेल्या घेतो भावा, अल्लाकसम." घरी पोचलाच नाही. चिखलीच्या रस्त्यावर फिट आली, ती उतरायच्या आत दुसरी, मग आणखी... दवाखाना येईपर्यंत सगळं संपलं होतं.

काल त्याच्या घरी गेलो. त्याची बायको, रशिदाभाभी, अजून उभ्यानेच स्वयंपाक करतात. फिट येऊन आपण स्टोव्हवर पडू नये म्हणून युसूफने तो उंच फळीवर चढवला होता. "आता खाली घ्या, भाभी," मी म्हणालो. पंप मारणारा त्यांचा हात थांबला.

"भाऊ, मुंबईला मोजतात म्हणाला होतात ना... मग यांचं का नाही मोजलं हो?"

स्टोव्हची ज्योत बसत गेली. मग टाचा उंचावून त्यांनी पुन्हा पंप मारायला घेतला.