जयवंता मावशीची कामटी

माही मावशी जयवंता कमरेभर पान्यात उभी राहून जाळं ओढून राहिली होती, अन् संगं सगळ्या भोयपुऱ्याले शिव्या देऊन राहिली होती.

"ओढा ना, लेकहो! हाताले मेंदी लावली का?"

जाळं काठाले लागलं. एका अंगानं ताठ, दुसऱ्या अंगानं झोळीसारखं लोंबलेलं. आत शेवाळ अन् मूठभर झिंगे. मासे मोठाल्या भोकायतून कधीचेच पसार.

आमची मच्छीमार सोसायटी तवा नवीनच होती. पूर्णा नदीचा डोह ठेकेदाराच्या हातून सुटून पहिल्यांदा भोयायले भेटला होता. एकट्याच्या जाळ्यानं तो आवरत नाई. म्हनून मावशीनंच दारोदार फिरून ठरवलं, दर घरानं एक तुकडा विनायचा, तुकडे जोडून सगळ्यायचं एक जाळं. पन आमच्यात भोकाचं माप जो तो आपल्या आज्याच्या बोटावरून धरते. जानरावच्या घरची बोटं केळ्यासारखी, नत्थुजीच्या घरची काड्यायसारखी. मंग काय होनार!

"तुह्या तुकड्यानं घात केला, जानराव," नत्थुजी म्हने.

"माह्या आज्याचं माप हाय ते!"

"अन् माहा आजा का बाजारातून आनला?" नत्थुजी भडकला. "मी आपला तुकडा सोडून नेतो. ठेकेदार बरा होता."

एकानं तुकडा नेला असता तं सगळ्यायनं नेला असता. डोह पुन्हा ठेकेदाराच्या घशात.

दुसऱ्या दिवशी मावशीनं बांबूच्या कामट्या, म्हंजे चपट्या पट्ट्या, एकाच मापाच्या कापल्या अन् घरोघरी वाटल्या. जानरावले कानात म्हने, "भाऊ, तुमच्या आज्याचं जुनं जाळं पाहून कापली. कोनाले सांगू नका, लोकं जळतात." नत्थुजीलेही तेच. सगळ्यायलेच तेच. सगळे खुश, सगळे गप! त्या कामटीवर भोकं मोजून नवे तुकडे विनले.

नवं जाळं सपाट बसलं. मरळ अन् वाम मासे इतके आले का ओढता ओढता जानराव पान्यात बसला, अन् नत्थुजीनंच त्याले बखोटी धरून उठवलं.

आता दिवाळीले घरोघरी त्या कामटीले हळदकुंकू लागते. नत्थुजी तं डोकं टेकवते.

परवा मावशी पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून जाळं विनून राहिली होती. मी इचारलं, "खरं सांग व, कोनाच्या आज्याचं बोट हाय हे?"

तिनं इकडंतिकडं पाह्यलं अन् कामटी आपल्या पायाच्या त्याच अंगठ्यावर ठेवली. बरोबर बसली.