योहानचा शुक्रवार

फाळणीनंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आमचं सेक्शन कल्याण कॅम्पात होतं. आज त्याला उल्हासनगर म्हणतात. लष्करी बराकींत सिंधी निर्वासित राहत. पाण्याचे टँकर आणि रेशन यांवर आमचा पहारा.

लान्सनाईक योहान साळवे नगरकडचा ख्रिस्ती. गुड फ्रायडेला तो जेवला नाही. पाण्याच्या रांगेतल्या ईश्वरीबाईंनी विचारलं, देवाला मारलं तो दिवस कसला पाळतोस?

"अम्मा, वो भाग सकता था," योहान म्हणाला. "भागता तो दूसरे पकड़े जाते. इसलिए खड़ा रहा."

मग त्याने आम्हाला पुढचं सांगितलं. रोमन सुभेदाराला ठाऊक होतं, हा माणूस निर्दोष आहे. तरी त्याला क्रुसावर द्यायला लावलं, आणि लोकांसमोर हात धुतले.

"आपले सुभेदारसाहेब तर जेवायच्या आधीसुद्धा धूत नाहीत," आमच्या सेक्शनमधला शिंदे म्हणाला. योहानही हसला.

पेट्रोलचे ड्रम बराकीच्या भिंतीला लावलेले होते. कॅप्टनसाहेबांची जीप तिथे उभी राही, म्हणून त्यांचाच हुकूम. योहानने दोनदा रिपोर्ट केला. उत्तर आलं, "कॅरी ऑन, साळवे."

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी चुलीची ठिणगी उडून बराक पेटली. आत बायका-पोरं. साहेब लांबून ओरडले, "ऑल बॅक!"

"जाधव, तू पोरं काढ," योहान मला म्हणाला. "मी ड्रम बघतो."

पोरं सगळी निघाली. तो ड्रम लोटत राहिला. शेवटचा फुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी रिपोर्ट लिहवला: ड्रम साळवेने हलगर्जीपणे ठेवले. म्हणजे त्याच्या बायकोच्या पेन्शनवरही पाणी. मी खरी जबानी दिली. ती फायलीला लागलीच नाही.

संध्याकाळी अंबरनाथच्या वाटेवरच्या कब्रस्तानात त्याला पुरलं. साहेब कबरीपाशी म्हणाले, "ही टुक अवर सिन्स अपॉन हिमसेल्फ." म्हणजे आमची पापं याने स्वतःवर घेतली. योहानचा देव स्वतः होऊन पुढे झाला होता. यांनी मेलेल्या माणसाला पुढे ढकललं, आणि वर त्याचाच धर्म त्याला ऐकवला. असला क्रूस मला कुणी चर्चच्या शिखरावर दाखवला, तरी मी थुंकेन. योहानही थुंकला असता.

आम्ही हिंदू जवानांनी आमच्या रीतीप्रमाणे फाटकाशी पाण्याची बादली ठेवली होती. ख्रिस्ती दफनाला ती लागत नाही, हे आम्हाला माहीत नव्हतं. साहेब पहिले बाहेर आले. थांबले. बाही वर करून त्यांनी नीट हात धुतले.

शिंदे माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने बादली उचलून रस्त्यावर उपडी केली. मातीने भरलेल्या हातांनीच आम्ही कॅम्पात परतलो.

लान्सनाईक योहान साळवे. ड्रम त्याने ठेवले नव्हते.