पोरगी पोचेपर्यंत झाडू नाही

दर्यापूरच्या स्टँडबाहेर गजूभाऊची जीप उभी होती आणि तिच्यात माणसं कोंबणं चालू होतं. माझी पत्र्याची पेटी टपावर चढली, गादीची वळकटी चढली, आणि मी मधल्या सीटवर दोन जाडजूड बायांच्या मध्ये. अकरावीला अकोल्याला चालले होते, सायन्सला, होस्टेलवर. आमच्या माळ्याच्या घरातली पोरगी शिकायला बाहेर पडायची ती पहिलीच वेळ, त्यामुळे निम्मी गल्ली स्टँडवर हजर. बाबा म्हणाले, "अकोलाच हाय ते, अमेरिका नाई," आणि दुपट्ट्याने तोंड पुसत पानठेल्याकडे निघून गेले. माय खिडकीशी उभी राहिली. तिच्या बोटाला माळेचा दोरा तसाच गुंडाळलेला होता. नीट राह्य, पोटभर जेव, असलं ती काहीच बोलली नाही. एवढंच म्हणाली, "पोचली का गजूजवळ सांगजो. तू पोचल्याबिगर मी घर झाडत नाई."

अख्खी जीप हसली. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गावाकडच्या माणसांना हे सांगायला नको. माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत मागे झाडू मारायचा नाही, असं आमच्याकडे पाळतात. का, ते कोणी सांगत नाही. पण आमच्या घरात ते पाळणं म्हणजे दिव्यच होतं. दोन एकर मळा, एक विहीर, आणि बारा महिने फुलं. झेंडू, शेवंती, जे निघेल ते. दुपारपासून ओसरीत माळा ओवायला बसायचं आणि संध्याकाळी पाकळ्या, देठ, दोऱ्याचे तुकडे ह्यांचा नुसता गालिचा. माय तो रोज लोटून काढायची, तेव्हा कुठे पाट मांडायला जागा व्हायची.

गजूभाऊजवळ मी सांगितलं, "पोचली म्हणा." पण परतीच्या वाटेवर त्याच्या जीपने दगा दिला, आणि माझा निरोप दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला घरी गेला. तेव्हा घरोघरी फोन कुठले! हे मला कळलं दिवाळीत, शेजारच्या कमलकाकूकडून. "तुही माय बापा! पाकळ्यात बसून माळा ओवे, पाकळ्यातच जेवे. हार न्यायले आलेला मानूस दारातूनच परत फिरत होता, त्याले वाटलं घरात काही बरंवाईट झालं." मी मायला विचारलं, "कावून नाही झाडलं?"

"तू रस्त्यात होती ना," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

मी पोट धरून हसले. फिजिक्स शिकत होते ना नुकतीच, अक्कल उतू चालली होती.

पुढे अकोल्याहून पुणे. इंजिनिअरिंग, नोकरी, मिलिंदशी लग्न, सातव्या मजल्यावरचा फ्लॅट. पहिल्या वर्षी माझं 'मले-तुले' ऐकून मैत्रिणी खिदळायच्या, म्हणून ते मी घडी घालून ठेवलं, फक्त मायच्या फोनसाठी काढायचं. अजूनही मी तिच्याशी बोलायला लागले की शेजारच्या जोशीकाकू मिलिंदला हळूच विचारतात, सगळं ठीक आहे ना? बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. मळा मायने सोडला नाही. मी किती वेळा म्हटलं पुण्याला ये, तर म्हणते, "सातव्या मजल्यावर झेंडू लागते का?"

आणि मग माझी सई मोठी झाली. मोठी झाली म्हणजे काय, तर दार लावून घ्यायला लागली. मी तिच्या फोनमध्ये लोकेशन चालू करून घेतलं. ती क्लासला पोचली, निघाली, मध्येच पाणीपुरीच्या गाडीवर रेंगाळली, सगळं मला मीटिंगमध्ये बसून दिसायचं. एक निळा ठिपका. ठिपका थांबला की माझा श्वास थांबायचा. एकदा मी फोन करून विचारलं, "अजून तिथेच का?" तेव्हा ती घरी आल्यावर शांतपणे म्हणाली, "आई, मी तुझ्या फोनवरचा ठिपका नाहीये." शांतपणे म्हणाली, हेच जास्त लागलं. ओरडली असती तर मलाही ओरडता आलं असतं.

बारावीनंतर तिने आणखी एक बॉम्ब टाकला. तिला शेतकीचं शिक्षण घ्यायचं होतं, आणि तेही अकोल्यातच. पुण्यात मिळत होतं, तरी यादीत तिने अकोला सगळ्यात वर टाकलेलं. माझं डोकंच फिरलं. "अगं, तिथून निघायला मी जिवाचं रान केलं! आणि तू परत तिथेच चाललीस?"

"तुला निघायचं होतं, तू निघालीस," सई म्हणाली. "मलाही निघायचंय."

मी मायला फोन लावला. म्हटलं, तू तरी सांग तिला. तिने आधी कोंबड्या हाकलल्या. मग माय म्हणाली, "मी तुले सांगतलं होतं का?"

ज्या बाईने रिद्धपूरची जत्रा आणि अमरावतीचा फूलबाजार सोडून काही पाहिलं नव्हतं, तिने मला सोळाव्या वर्षी जीपमध्ये बसवून दिलं होतं. जाऊ नको म्हणाली नव्हती.

सई एकटीच गेली. स्टेशनवर यायचं नाही, ही तिची अट. दुसरी अट, लोकेशन बंद. "पोचले की मी फोन करीन. तोवर तू करायचा नाहीस." रिक्षा सोसायटीच्या गेटबाहेर वळली आणि माझ्या फोनवरचा ठिपका विझला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी अकोल्याला लागायची वेळ झाली आणि गेली. फोन नाही. चहा झाला, मिलिंद ऑफिसला गेला, जाता जाता म्हणाला, "अगं येईल फोन, लहान आहे का ती?" लहान नाही, हीच तर पंचाईत होती. हातात फोन घेऊन मी सोफ्यावर बसून राहिले. तिने सांगितलं होतं करू नकोस. मी केला तर ती मला पुन्हा कधी काही सांगणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. आणि नाही केला तर जीव राहत नव्हता. तेवढ्यात कामाच्या मावशी आल्या आणि त्यांनी दारामागचा झाडू काढला.

"मावशी, राहू द्या," माझ्या तोंडून निघून गेलं. "आज झाडू नको."

"का हो ताई?"

"पोरगी रस्त्यात आहे."

मावशींनी झाडू जागेवर ठेवला आणि भांडी घासायला घेतली. मी मात्र माझ्याच बोलण्याने चमकले. हे कोण बोललं? मी मायला फोन लावला. विचारलं, सईचा काही निरोप? "नाई," ती म्हणाली. "मंग?" मी म्हटलं. "मंग काय," माय म्हणाली, "मी बी झाडलं नाई सकाळपासून."

दोन घरं, एक सातव्या मजल्यावर, एक मळ्यात, आणि दोन्हीकडे केर तसाच. त्या क्षणी मला मायचं जे वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. ती माउली अडाणी नव्हती हो. पोरीला धरून ठेवायचं नाही, मागे धावायचं नाही, पण हातपाय तर काही केल्याशिवाय राहत नाहीत. म्हणून तिने हातातलं रोजचं काम थांबवलं. रात्र काढली, दिवस काढला पाकळ्यांत बसून, आणि कोणापाशी एक शब्द नाही. माझ्याजवळ फोन, ॲप, नकाशे सगळं असून मला एक सकाळ निघत नव्हती. एवढी मोठी बाई माझ्या घरात भाकऱ्या थापत होती आणि मी तिला हसले होते. मी तिथेच सोफ्यावर तिला मनातल्या मनात हात जोडले.

साडेअकराच्या सुमाराला सईचा फोन आला. चार्जिंग संपलं होतं, मग होस्टेलची रांग. "पोचले गं आई. बापरे, इथे काय ऊन आहे!" मला खूप काही विचारायचं होतं. मी म्हटलं, "बरं झालं," आणि तिनेच मग अर्धा तास सगळं सांगितलं. इतकं ती दोन वर्षांत बोलली नव्हती.

ह्या दिवाळीनंतर मी आठवडाभर दर्यापूरला राहिले. सईला सुट्टी होती. नखांत माती, आजीशी ठिबकच्या नळ्यांवरून कडाक्याचं भांडण, आणि मधूनच 'मले'. मी जो शब्द घडी घालून ठेवला, तो पोरीने बिनधास्त अंगावर चढवला होता. निघताना तिनेच मला स्कूटरवर स्टँडला सोडलं, बडनेरा स्टेशनच्या जीपमध्ये माझ्यासाठी खिडकीची जागा धरली, आणि वर मलाच दम दिला, पाणी पीत राहा म्हणून. मी खिडकीतून पाहत राहिले. माय जिथे उभी होती, साधारण तिथेच ती उभी होती.

सकाळी पुण्यात पोचले. बॅगा ठेवल्या, आंघोळ केली, चहा टाकला आणि विसरलेच. तर सईचाच व्हिडिओ कॉल. "कधीची गाडी लागली! सांगायचं नाही का?" तिच्या मागे ओसरी दिसत होती. केशरी, पिवळी, कालच्या माळांच्या पाकळ्यांनी भरलेली, पाऊल ठेवायला जागा नाही.

मी म्हटलं, "आजीने झाडू दिलं नाही वाटतं?"

"आजी पहाटेच मळ्यात गेली," सई म्हणाली. मग जरा लाजली. "मीच नाही झाडलं."

इतकी वर्षं मला कोणी विचारलं, घर कुठे, की मी आधी दर्यापूर म्हणायचे, मग पुणे म्हणायचे, आणि दोन्ही वेळा काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. आता वाटत नाही. माझ्यासाठी जिथला केर थांबतो ते माझं घर, आणि ते सांभाळणारी बदलली तरी चालतं.

"पोचले बाई मी," मी म्हटलं. "झाड आता."

तिने फोन भिंतीला टेकवून ठेवला. मी गॅस बारीक केला आणि ओट्याशी उभी राहून तिचा झाडू ऐकत राहिले.