एकही पोर घरी जाता कामा नये!

शिबिर संपलं, की सतरंज्या झटकून कपाटात जातात आणि वर्षभर गप्प पडून राहतात. किस्से मात्र गप्प बसत नाहीत. चहाला चार जण जमले, की कुणीतरी म्हणतंच, "बाई, तो दानीएलचा सांगा ना!" मला काय, निमित्तच हवं असतं. त्यात यंदाचे सगळे ताजे आहेत, तेव्हा ऐकाच.

देवळाली प्रवराजवळ उसाच्या रानांमध्ये आमच्या चर्चचं आवार आहे. तिथं दर उन्हाळ्यात मुलांचं शिबिर भरतं. त्यासाठी तरुण लीडर निवडायचे आणि त्यांना तयार करायचं काम माझ्याकडे.

यंदा कमिटीचे चेअरमन, म्हणजे आमचे अण्णा, म्हणाले, "पुण्याहून तयार लीडर आणू. गिटार वाजवतात, इंग्लिश बोलतात!"

मी म्हटलं, "आपल्या खेड्यांतली पोरं काय वाईट आहेत?"

बरीच वादावादी झाली. शेवटी अण्णांनी अट घातली, "एकही मूल शिबिर अर्धवट सोडून घरी गेलं, तर पुढच्या वर्षापासून पुण्याचे लीडर!"

मी ताडकन 'कबूल' म्हटलं. घरी आल्यावर देवापुढे गुडघे टेकले, ते वेगळं!

* * *

मुलाखतीला तिसगावचा दानीएल आला. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मी विचारलं, "मूल रडायला लागलं, तर काय करशील?"

"मी बी रडंल, बाई."

"म्हणजे?"

"मला आवरतच न्हाई. लहानपनापासून तसंच हाय."

कमिटीवाले खाली बघून हसायला लागले. पण त्या दिवसातला खरं बोललेला तो पहिलाच उमेदवार होता. घेतला!

* * *

त्याच्यामागून खर्ड्याची रूथ आली. तिचा आवाज इतका बारीक, की ऐकू यावं म्हणून आम्ही आधी पंखा बंद केला, मग खिडकी लावली, मग सगळे पुढे वाकून बसलो. ती गेल्यावर एक मेंबर म्हणाले, "ही कशी पोरं सांभाळणार?"

मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला इतकं शांत बसलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं!" तीही घेतली.

* * *

शिबिराच्या पहिल्या दिवशी जेवणाआधीची प्रार्थना रूथला सांगितली. माणसांशी हळू बोलणारी ही मुलगी देवाशी भरभरून बोलते, हे मला काय ठाऊक! स्वयंपाक करणाऱ्या मावश्या झाल्या, टेम्पोवाला झाला, खर्ड्यातली आजारी म्हैस झाली. आमटी गार झाली तरी 'आमेन' काही येईना.

मी नंतर तिला बाजूला घेऊन म्हटलं, "अगं, देवाला सगळं माहीत असतं. थोडक्यात सांगितलं तरी चालतं."

दुसऱ्या दिवशी पोरीनं हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणाली, "प्रभू, कालचंच. आमेन!"

* * *

एका संध्याकाळी मी दानीएलला शेकोटी पेटवायला सांगितली. तिसगावच्या मोकळ्या रानात वाढलेला गडी तो, त्यानं चांगली पुरुषभर उंचीची पेटवली! पोरं गाणी म्हणायला लागली, तोच चारी बाजूंनी शेतकरी बादल्या घेऊन धावत आले. एक जण तर पाण्याचा टँकरच ट्रॅक्टरला जोडून घेऊन आला. "ऊस पेटला, ऊस पेटला!"

मी सगळ्यांची माफी मागितली, चहा टाकला. तेही टेकले आणि गाणी ऐकत राहिले. जाताना ट्रॅक्टरवाले दादा म्हणाले, "गानी लई झ्याक हुती, बाई. पन उद्या फोन करून पेटवा!"

* * *

आता सॅमीचं. सॅमी म्हणजे अण्णांचा नातू. हा आल्या दिवसापासून बॅग भरूनच बसलेला. "मला घरी जायचंय!" सगळी पोरं राहायची आणि चेअरमनचाच नातू जायचा!

दानीएल त्याच्याशेजारी जाऊन बसला. "मला बी आईची लई आठवन येती रं," म्हणाला आणि खरंच मुसमुसून रडायला लागला.

सॅमीनं बॅग उघडून स्वतःचा रुमाल काढून दिला. "दादा, रडू नका ना. मी थांबतो तुमच्यासोबत."

मला इतकं हसू आलं आणि इतकं भरूनही आलं, की मी तिथून निघूनच गेले.

* * *

दोन दिवसांनी अण्णांची गाडी गेटवर उभी. गेटवर रूथ.

"सॅमीला न्यायला आलोय. त्याच्या आजीला करमत नाही. मलाही घर खायला उठतं."

रूथ आत गेली, सॅमीला विचारून परत आली. "त्यो न्हाई म्हनतोय, अण्णा."

"अगं, मी चेअरमन आहे!"

"व्हय. अन् एक बी पोर घरी जायचं न्हाई, ही अट तुमचीच हाय." आज तिचा शब्द न् शब्द मला पार स्वयंपाकघराच्या दारात ऐकू येत होता. "तुमालाच करमत न्हाई ना? मग तुमीच ऱ्हावा की!"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईनं कोथिंबीर निवडायला घेतली. थोड्या वेळानं गाडीचं इंजिन बंद झालं.

शेवटच्या दिवशी आईवडील मुलांना न्यायला आले, तेव्हा अण्णा पोरांच्या रांगेत आपलं ताट घासत उभे होते. एका मेंबरनं त्यांना गाठलं. "मग अण्णा, पुढच्या वर्षी पुण्याचे लीडर सांगायचे ना?"

अण्णांनी मानही वर केली नाही. "मला काय विचारता? रूथताईंना विचारा. मी इथं कॅम्पर आहे!"