कतारचा ठिपका

राष्ट्राचं उत्पन्न वाढलं की माणसाचं आयुष्य वाढतं आणि पाळणे रिकामे होत नाहीत, हा मानवजातीला सापडलेला एकमेव विश्वासार्ह नियम आहे. निदान दोह्यातल्या अबू हमूर वस्तीतले आमचे शेजारी, काका, तसं मानत आणि त्यांच्याकडे चहा प्यायचा असेल तर आपणही तसं मानणं सोयीचं असे. दिवाणखान्यात त्यांनी स्वतः काढलेला आलेख टांगला होता: आडव्या रेषेवर देशांचं दरडोई उत्पन्न, उभ्या रेषेवर आयुर्मान. कतारचा ठिपका पार उजवीकडे, एकटाच, लाल शाईत. गॅस कंपनीत उमेदीची वर्षं घालवलेले काका त्याच्याकडे असे बघत, जणू त्यांनीच तो तिथवर ढकलत नेला होता. सुट्टीत नाशिकला गेले की तिसऱ्या आठवड्यात बेचैन होत, "इथे माझी सरासरी उतरते" म्हणत. दोह्याच्या विमानतळाबाहेरची पहिली गरम झुळूक अंगावर घेतली, की गेलेली वर्षं परत मिळाल्याचं जाहीर करत. इंडस्ट्रियल एरियाच्या बसमध्ये पेंगणारे कामगारही याच ठिपक्यात धरायचे का, असं मी एकदा विचारलं. त्यांनी मला आणखी एक चकली वाढली.

सुनेचं पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी, सटाण्याला व्हायचं होतं. काकांनी तातडीनं बालमृत्यूंचा वेगळा आलेख काढून विहीणबाईंना पाठवला. त्या निवृत्त आरोग्यसेविका, जन्मभर तालुक्यातली बाळं तोलत हिंडलेल्या. फोनवर एवढंच म्हणाल्या, "व्याहीबुवा, तुमच्या कागदावरचं एकही बाळ मला रडताना ऐकू येत नाही." शेवटी काकांनी विहीणबाईंनाच विमानात बसवून दोह्याला आणलं. माहेर म्हणजे आई. आई आता आलेखाच्या उजव्या टोकाला आली. तेव्हा बाळंतपण माहेरीच होतंय, असा त्यांचा युक्तिवाद होता.

नात सातव्या महिन्यातच आली, ओंजळीत मावेल एवढी. रुग्णालय उत्तम होतं, यंत्रं चकचकीत होती. देशाची सरासरी एवढी चांगली, मग हिचं काय, असं काकांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "इन्शाल्ला."

थोडं स्थिरावल्यावर बाळाला कुणाच्या तरी उघड्या छातीवर ठेवायला हवं, असं नर्सनं सांगितलं. सुनेला ताप होता, मुलगा भर समुद्रातल्या गॅसच्या प्लॅटफॉर्मवर कामात अडकलेला. विहीणबाई काकांकडे वळल्या. "सदरा काढा. तुमच्या अंगात ऊब भरपूर आहे, कुणाच्या तरी उपयोगी पडू दे." मग पाच मिनिटं स्वस्थ न बसणारे काका रोज दुपारी तीन-तीन तास खुर्चीत पुतळ्यासारखे बसले. शिंक आली तरी गिळत. नातीनं दूध ओढलं, वजन धरलं, आणि एके सकाळी असं टिपेला रडली की विहीणबाई म्हणाल्या, "हं. आता ऐकू आलं." ती घरी आली त्या दिवशी काकांनी अख्ख्या कंपाउंडला पेढे वाटले, पहारेकऱ्याला दोनदा.

यंदा काका निवृत्त झाले, व्हिसा संपला, नाशिकला गेले. सरासरीचं काय, असं विमानतळावर विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण नात त्यांच्या खांद्यावर झोपली होती आणि ते पुन्हा तसेच न हलता उभे होते. आलेख दोह्यातच, मुला-सुनेकडे आहे. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सून मुलीचं वजन लिहिते, त्यामुळे कतारचा ठिपका सध्या भिंतीकडे तोंड करून असतो.